ठमाबाई कासविणीचा घुसखोरीचा खटला

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि नदीच्या काठाला वाळूचा एक पट्टा होता. जंगलाचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की तिथलं कुणीतरी उठतं आणि बदनामीची नोटीस धाडतं. मला या वयात ते झेपत नाही.

तर वाळूचा पट्टा. ऊन पडलं की छान तापायचा. त्याच्यावर कुणाची मालकी नव्हती, त्यामुळे भांडणही नव्हतं. हरणं तिथून पाण्यावर जायची, बगळे उभे राहायचे, टिटवी ओरडायची. असं आपलं चाललं होतं.

मग एक दिवस तिथं वराहराव आले. वराहराव म्हणजे रानडुक्कर. पण त्यांना रानडुक्कर म्हटलेलं आवडत नसे, म्हणून आपणही म्हणायचं नाही. त्यांना पट्टा पसंत पडला. त्यांनी कडेच्या झाडांना पाठ घासायला सुरुवात केली.

तुम्ही म्हणाल, पाठ खाजत असेल. मुळीच नाही. त्या जंगलात जमीन घ्यायची पद्धतच ती होती. ज्या झाडाला पाठ घासली त्या झाडाला आपला वास लागतो. वास आला की बाकीच्यांनी समजायचं, इथून पुढं दुसऱ्याची हद्द, आपण मागं फिरावं. आपल्याकडे तारेचं कुंपण घालून पाटी ठोकतात. तिथं पाठ घासत. खर्च कमी आणि पाठही बरी राहते.

वराहरावांनी पट्ट्याच्या तिन्ही बाजूंच्या झाडांना पाठ घासली. चौथ्या बाजूला नदी होती. नदीला पाठ कशी घासणार? “पाण्यातून कोण येतंय!” असं म्हणून ते चिखलात जाऊन लोळले.

मागं कोण म्हणालं ‘कासव’? गप्प बस. गोष्ट मी सांगतोय.

तर पाण्यातून कासव आलं.

तिचं नाव ठमाबाई. थंडी सरली की ठमाबाई दर वर्षी या पट्ट्यावर अंडी घालायला येत. त्यांचा जन्मही इथलाच. कासवाचं एक विचित्र असतं बघा. स्वतः पाण्यात राहतं, पण अंडी पाण्यात घातली तर बुडून मरतात. त्यांना तापलेली कोरडी वाळूच लागते. असं का, ते मला विचारू नका, मी केलेलं नाही.

त्या पहाटे ठमाबाई जड पोटानं पाण्याबाहेर आल्या. नदीच्या बाजूला ना झाड, ना वास. त्या सावकाश वर चढल्या, एक जागा पसंत केली आणि मागच्या पायांनी उकरायला घेणार तोच चिखलातून वराहरावांनी किंकाळी फोडली.

“घुसखोर! माझ्या जागेत घुसखोर! धावा!”

कोतवाल धावत आला. म्हणजे उडत आला. कोतवाल हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. अंगानं एवढासाच, पण घारीच्यासुद्धा पाठीला लागतो. म्हणून जंगलानं त्याला पोलिसात घेतलं होतं. त्याला दुसऱ्याचा आवाज हुबेहूब काढता येई, त्यामुळे कुणाचा जबाब लिहून घ्यायची गरजच पडत नसे.

“ए बाई, थांब. कुठं निघालीस?” कोतवाल म्हणाला.

“वर, वाळूत.”

“कशाला?”

“अंडी घालायला. दर वर्षी येते की.”

“दर वर्षी?” कोतवालानं मान तिरकी केली. “एकटीच येतेस की टोळी आहे?”

“आधी आई यायची. त्याच्या आधी आजी. मावशी पलीकडच्या वळणावर जाते.”

“म्हणजे घराणंच यातलं,” कोतवाल म्हणाला.

ठमाबाईंना काही कळेना. “अहो साहेब, चोर काहीतरी न्यायला येतो. मी तर ठेवायला आले.”

“ते कोर्टात सांग.”

आणि त्यानं ठमाबाईंना अटक केली. कासवाला अटक करायला बेड्या लागत नाहीत. उताणं केलं की झालं. वराहरावांनीच नाकाड घालून ते काम केलं, कारण कोतवालाच्या अंगात तेवढी ताकद नव्हती. ठमाबाई आभाळाकडे पाय करून पडल्या. हसू नका. कासव फार वेळ उताणं राहिलं तर त्याचा जीव जातो. त्यांच्या तर पोटात पोरं होती.

थोड्या वेळानं समोरच्या झाडावरून वकील डोमकावळे खाली उतरले. डोमकावळ्यांना काळा कोट जन्मापासूनच होता. कुठं कुणावर संकट आलंय हे त्यांना फार लांबून समजत असे.

“घाबरू नका, ठमाबाई,” ते म्हणाले. “मी तुमचा वकील.”

“मी कधी नेमला?”

“आत्ता. आता मला सांगा, पोलिसाशी काही बोललात का?”

“विचारलं तेवढं सांगितलं.”

“काय सांगितलंत?”

“खरं ते.”

डोमकावळ्यांनी पंख कपाळाला लावला. “अहो बाई, एवढी घाई का केलीत? खरं काय पळून जात होतं? आधी वकील बोलवायचा. मग आपण दोघांनी मिळून खरं सांगितलं असतं, नीट बसून.”

“चुकलं,” ठमाबाई म्हणाल्या. “पण माझा गुन्हा काय?”

“फौजदारी घुसखोरी.”

“शिक्षा काय असते?”

“तडीपार. नदी सोडून डोंगरापलीकडं जायचं.”

“डोंगरापलीकडं पाणी आहे?”

“नाही.”

“वाळू?”

“दगड आहेत.”

ठमाबाईंनी चारही पाय हवेत मारले, पण उताण्या कासवानं पाय मारून काय होणार! “वकीलसाहेब, माझं काही होऊ दे. पण ही अंडी पोटात किती दिवस धरू? दगडावर घालू का? मला एवढी अंडी घालू द्या. नंतर काय तडीपार करायचं ते करा.”

“रडू नका. ऐका. तुमचा खटला सोपा आहे,” डोमकावळे म्हणाले. आणि हे मात्र त्यांनी मनापासून सांगितलं, कारण त्यांना कायदा खरोखरच येत होता. “दुसऱ्याच्या जागेत नुसता पाय पडला म्हणून फौजदारी होत नसते. मनात इरादा लागतो. गुन्हा करायचा, मालकाला धमकवायचं, त्याचा अपमान करायचा, त्याला छळायचं, असं काहीतरी मनात धरून शिरलं तरच फौजदारी. नाहीतर फार तर ‘बाई, बाहेर व्हा’ एवढंच. तुमच्या मनात काय होतं?”

“अंडी.”

“उत्तम. वराहरावांना छळायचं होतं?”

“मला तर ते इथं आहेत हेच माहीत नव्हतं.”

“त्याहून उत्तम. जागा दुसऱ्याची आहे हे कळायला काही खूण? वास?”

“पाण्याच्या बाजूला कसला वास!”

“मग सुटलातच म्हणून समजा.”

ठमाबाईंना जरा धीर आला. “आणि तुमची फी?”

“फीचं काय घेऊन बसलात! आधी सुटा. सुटलात की अंडी घालाल. मग बघू की, आपल्यात काय परकेपणा आहे!” असं म्हणून डोमकावळ्यांनी त्यांच्या पोटाकडे बघितलं आणि आवंढा गिळला.

ठमाबाई उताण्या होत्या. पण एवढं उताण्यालाही दिसतं.

कावळ्याला कासवाची अंडी भारी आवडतात, बाळांनो. वाळूत कितीही खोल पुरली तरी घालताना ज्यानं पाहिलं त्याला जागा ठाऊकच असते. म्हणजे बघा, बाईंची कशी कोंडी झाली. खटला हरल्या तर अंडी दगडावर. जिंकल्या तर वकिलाच्या पोटात.

“दुसरा वकील नाही का कुणी?” त्यांनी हळूच टिटवीला विचारलं. ती जवळच उभी होती.

“आहे ना. घोरपड,” टिटवी म्हणाली. “पण तिलाही अंडीच आवडतात.”

त्या जंगलाचे न्यायाधीश गवा होते. गवा म्हणजे रानातला तो थोरला, डोंगराएवढा बैल. गवासाहेब संध्याकाळी नदीवर पाणी प्यायला येत, तेव्हाच कोर्ट भरे. न्याय करायची त्यांची पद्धत अशी की, दिवसभर जे ऐकलं ते आधी गिळून टाकायचं. मग शांतपणे बसून ते परत तोंडात आणायचं आणि रवंथ करायचं. नीट चघळून झालं की निकाल. त्यांचा निकाल कधी कच्चा निघाला नव्हता. लवकरही निघाला नव्हता.

टिटवीनं पुकारा केला. टिटवीचा पुकारा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, गुन्हा केला नसला तरी केल्यासारखं वाटतं.

डोमकावळे उभे राहिले. “साहेब, आधी जामीन. माझी अशील सकाळपासून उताणी आहे.”

गवासाहेबांनी ठमाबाईंकडे पाहिलं. “सुलटी करा,” ते म्हणाले.

जामीन म्हणजे काय, तर माणसाला कोठडीतून सोडतात आणि कासवाला सुलटं करतात. वराहरावांना पुन्हा नाकाड लावावं लागलं. ते फार नाराज झाले. ठमाबाईंनी वाळूत पाय रोवले आणि दम घेतला.

मग खटला सुरू झाला. कोतवालानं जबाब सादर केला, तोही थेट ठमाबाईंच्या आवाजात. “दर वर्षी येते की. आधी आई यायची. त्याच्या आधी आजी. मावशी पलीकडच्या वळणावर जाते.” आवाज इतका हुबेहूब की ठमाबाईंनी स्वतःच हळूच “हो” म्हटलं.

“साहेब, सराईत आहे ही,” कोतवाल स्वतःच्या आवाजात म्हणाला. “स्वतःच कबूल करतेय.”

वराहराव साक्षीला आले. त्यांनी सांगितलं की आपण अत्यंत शांतताप्रिय प्राणी असून चिखलात विचार करत पडलो असताना ही बाई चाल करून आली. आपल्याला त्याचा जबर धक्का बसला. दुपारी कंद गोड लागले नाहीत.

डोमकावळ्यांनी उलटतपासणी सुरू केली.

“वराहराव, माझ्या अशिलानं तुम्हाला धमकी दिली?”

“नाही. पण तोंड तसलंच होतं.”

“शिवी दिली?”

“नाही.”

“मग तुम्हाला छळायचा तिचा इरादा होता, हे कशावरून?”

“मला छळ झाला यावरून!”

“तुम्हाला काय झालं ते मी विचारत नाही. तिच्या मनात काय होतं ते विचारतोय. तिनं तुमच्याकडे बघितलं तरी का?”

“नाही ना! तोच तर अपमान.”

गवासाहेबांचे कान हलले. डोमकावळे एक पाऊल पुढं सरकले.

“बरं. तुम्ही हद्दीची खूण केलीत?”

“म्हणजे काय! तिन्ही बाजूंच्या झाडांना पाठ घासली. अजून दुखतेय.”

“आणि नदीच्या बाजूला?”

“नदीला कशी घासणार? काहीतरीच तुमचं!”

“म्हणजे नदीतून येणाऱ्याला ही जागा तुमची आहे हे कळायला मार्गच नव्हता.”

वराहरावांनी इकडंतिकडं पाहिलं. “कळायला नको का? मी आहे ना इथं! एवढा मोठा!”

कोर्टात कुजबुज झाली. गवासाहेब म्हणाले, “मुद्दा दिसतोय. इरादा नाही, खूण नाही. यात चघळण्यासारखं फार काही राहिलं नाही.” आणि ते निकाल द्यायला उठू लागले.

बाळांनो, इथं गोष्ट संपायला हवी होती. ठमाबाई निर्दोष सुटणार होत्या आणि रात्री डोमकावळ्यांचं जेवण होणार होतं. ठमाबाईंना हे स्पष्ट दिसत होतं. उभ्या जन्मात निर्दोष सुटायची एवढी भीती कुणाला वाटली नसेल.

पण वकिलांना एक खोड असते. खटला जिंकला तरी त्यांच्याकडे एक मुद्दा उरलेला असतो, आणि तो बोलल्याशिवाय त्यांच्यानं राहवत नाही. डोमकावळ्यांनी तो दुपारभर घोळवला होता. त्यांना तो फारच आवडला होता.

“साहेब, एकच मिनिट,” ते म्हणाले. “माझा अखेरचा आणि बिनतोड मुद्दा राहिलाय. माझ्या अशिलाच्या पाठीवर काय आहे? तिचं घर. ती सकाळी कुठं होती? घरात. आत्ता कुठं आहे? घरात. ती जन्मात कधी घराबाहेर पडली आहे का? नाही. जी बाई स्वतःच्या घरातून बाहेरच पडली नाही, ती दुसऱ्याच्या घरात घुसलीच कशी?”

एका माकडानं टाळी वाजवली. डोमकावळ्यांनी मान लववली.

गवासाहेब पुन्हा खाली बसले.

“हे नवीन आहे,” ते म्हणाले. त्यांनी तो मुद्दा गिळला, थोडा वेळ थांबले, मग परत तोंडात आणला. जबडा या बाजूनं त्या बाजूला जाऊ लागला. अंधार पडत आला तेव्हा ते बोलले. “वकीलसाहेब, तुमचं म्हणणं पटलं. बाई घराबाहेर पडल्या नाहीत. त्या घुसल्या नाहीत.”

“धन्यवाद, साहेब.”

“म्हणजे घर घुसलं.”

“अं?”

“घर आधी इथं नव्हतं. आता आहे. वराहरावांच्या जागेत हे घर कसं आलं, कुणी आणलं, घराचा इरादा काय होता, या सगळ्याचा विचार करावा लागेल. घराचं म्हणणंही ऐकावं लागेल. कुणाचं म्हणणं ऐकून न घेता आपण कुणाला शिक्षा करत नाही.”

“साहेब, तो फक्त एक युक्तिवाद होता,” डोमकावळे घाईघाईनं म्हणाले. “मी तो मागं घेतो.”

“मी गिळलाय,” गवासाहेब म्हणाले. “तोवर हुकूम असा, की निकाल लागेपर्यंत ‘जैसे थे’. घर आहे तिथंच राहील. त्याच्या आसपास कुणी फिरकायचं नाही. वराहरावांनी नाही, वकिलांनी नाही, कुणीच नाही. कोतवाल, पहारा ठेवा.”

“अहो, पण मला ती माझ्या जागेतून हलवायची होती!” वराहराव ओरडले. “तुम्ही तिला तिथंच ठेवताय!”

“जैसे थे,” गवासाहेब म्हणाले आणि पाणी पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईंनी मागच्या पायांनी वाळू उकरायला घेतली. पहाऱ्यावरचा कोतवाल लगेच खाली आला.

“ए, हे काय चाललंय?”

ठमाबाई आता शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी खरं सांगायची घाई केली नाही. आधी विचारलं, “साहेब, ‘जैसे थे’ म्हणजे काय हो?”

“म्हणजे जे जिथं आहे, ते तिथंच राहू द्यायचं.”

“मग बरोबर आहे. अंडी इथंच होती. आत्ता माझ्यात आहेत, मग माझ्याखाली राहतील. जागा तीच.”

कोतवालानं पुष्कळ विचार केला. त्याला त्यात चूक सापडेना. “हलवायची नाहीत मात्र,” त्यानं दम दिला.

“छे हो. मी कशाला हलवते!”

अंडी झाली. वाळू झाकली. ठमाबाई त्यांच्याशेजारी बसून राहिल्या. कासवाला उपाशी बसायची सवय असते, तरी त्यांची मान वाळत चालली. पण जीव थाऱ्यावर होता.

थाऱ्यावर नव्हता तो डोमकावळ्यांचा. समोर झाडावर बसून ते दिवसभर त्या वाळूकडे बघत. एकदा हळूच खाली उतरून बघितलं, तर कोतवालानं त्यांना पार डोंगरापर्यंत टोचत नेलं. त्या दिवसापासून ते कायद्याच्या मार्गानं गेले. रोज संध्याकाळी गवासाहेबांपुढं उभे राहून ते म्हणत, “साहेब, माझी अशील निर्दोष आहे. तिला त्वरित न्याय मिळावा. तिचे हाल बघवत नाहीत हो.” आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. तोंडातही येई.

वराहरावही रोज अर्ज करत. त्यांना तो पट्टा उकरून मोठं डबकं करायचं होतं. खटल्यातले दोन्ही पक्ष एकाच गोष्टीसाठी भांडताहेत, असं त्या कोर्टात पहिल्यांदाच घडत होतं. दोघांनाही निकाल ताबडतोब हवा होता.

“आणि बाई, तुमचं काय म्हणणं?” गवासाहेब विचारत.

“माझी काही घाई नाही, साहेब,” ठमाबाई म्हणत. “तुमच्या सवडीनं होऊ द्या.”

गवासाहेबांना ही बाई फार समंजस वाटू लागली.

पण रवंथ कितीही सावकाश असला तरी कधीतरी संपतोच. एका संध्याकाळी गवासाहेबांनी शेवटचा घास गिळला आणि ओठ चाटले. “चघळून झालं,” ते म्हणाले. “आत्ताच निकाल देतो.”

वराहरावांनी नाकाडाला माती चोळली. डोमकावळ्यांनी चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी घासून घेतली. वाळूखालचं अजून एकही अंडं फुटलं नव्हतं. ठमाबाई सुटल्या तरी पहारा उठणार होता आणि हरल्या तरी उठणारच होता. आता काय करावं? ना जोर, ना पळायला पाय, ना विश्वासाचा वकील.

“साहेब,” त्या म्हणाल्या. “घराचं म्हणणं ऐकायचं राहिलं.”

“बाई, तुम्ही बोलू नका!” डोमकावळे ओरडले. “वकील मी आहे!”

“तुम्ही माझे वकील,” ठमाबाई म्हणाल्या. “घराचे कुठं आहात?”

गवासाहेब चपापले. “खरंच की. ते राहिलंच.” ते चार पावलं पुढं आले आणि ठमाबाईंच्या पाठीसमोर उभे राहिले. “घर, तुझ्यावर घुसखोरीचा आरोप आहे. तुझं काय म्हणणं?”

ठमाबाईंनी डोकं आत घेतलं. पाय आत घेतले. शेपूट आत घेतली. बाहेर नुसतं घर उरलं.

घर काही बोललं नाही.

गवासाहेब थांबले. सगळं कोर्ट थांबलं. डोमकावळे म्हणाले, “साहेब, घर कधी बोलतं का?” गवासाहेबांनी त्यांना शिंगानं गप्प केलं. अंधार झाला. घर तसंच होतं. आत ठमाबाईंचं काळीज धडधडत होतं, पण ते बाहेर ऐकू जात नव्हतं. चांगल्या जाड भिंतींचा तेवढा फायदा असतो.

शेवटी गवासाहेबांनी मान डोलावली. “विचार करून बोलणार दिसतंय,” ते कौतुकानं म्हणाले. “आजकाल असं कोण राहिलंय! आमच्यासमोर येणारा जो तो तोंड उघडूनच येतो. याला मुदत देऊ या.”

मुदत दिली. पुढच्या वेळी गवासाहेबांनी पुन्हा विचारलं. घर गप्प. पुन्हा मुदत. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. वराहराव रोडावले. डोमकावळ्यांच्या कोटाचा रंग उडाला. गवासाहेब मात्र त्या घराच्या प्रेमातच पडले होते. कधी कधी ते उगाचच त्याच्याशेजारी बसून रवंथ करत.

आणि मग, पावसाचं पाणी चढायच्या थोडं आधी, एका सकाळी वाळू हलली.

आधी एक इवलंसं डोकं वर आलं. मग दुसरं. मग मोजू नका, फार होती. एकेक करून ती पोरं वाळूतून वर आली आणि प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचं घर होतं.

“घुसखोरी!” वराहरावांनी बोंब ठोकली. “माझ्या जागेत वसाहत झाली! कोतवाल, धरा त्यांना!”

कोतवाल झेपावला आणि पहिल्या पोरासमोर उतरला. “ए, थांब. कुठनं आलास?”

पोरगं नुकतंच जन्माला आलं होतं. त्याला बोलता येत नव्हतं. ते कोतवालाला वळसा घालून नदीकडं चालू लागलं.

कोतवाल विचारात पडला. “वराहराव, घुसायला बाहेरून आत यावं लागतं. ही तर आतून बाहेर चाललीत. यांना कोणतं कलम लावू?”

“अहो, पण आत कधी आली?”

“आलीच नाहीत. इथंच होती. आणि ‘आहे तिथंच राहायचं’ हा हुकूम बाईंच्या घराला आहे, यांच्या घरांना नाही.”

तेवढ्यात झाडावरून डोमकावळे सुटले. “फी! माझी फी!” असं ओरडत त्यांनी वाळूवर झेप घेतली. पण निकाल लागला नव्हता. म्हणजे पहारा उठला नव्हता. कोतवालानं वळून त्यांच्या टाळक्यात अशी चोच मारली की ते कोलमडत झाडावर परतले. तोवर शेवटचं पोर पाण्यात शिरलं होतं. ठमाबाईंनी हे सगळं घराच्या दारातून पाहिलं आणि त्या ढसाढसा रडल्या. त्यांना कुणीही गप्प बसा म्हटलं नाही.

संध्याकाळी गवासाहेब आले. “बाई, आज तरी तुमचं घर काही बोलेल का?” त्यांनी विचारलं.

ठमाबाईंनी डोकं बाहेर काढलं. “साहेब, घर म्हणतंय की त्याचं काही म्हणणं नाही. तुम्ही द्याल तो निकाल मान्य.”

गवासाहेबांना वाईट वाटलं. पण कायदा तो कायदा. त्यांनी निकाल दिला. ठमाबाई निर्दोष. घर दोषी. घरानं वराहरावांच्या जागेतून तत्काळ निघून जावं आणि पाण्याच्या आत राहावं.

“तत्काळ,” वराहराव गरजले.

“बरं,” ठमाबाई म्हणाल्या, आणि निघाल्या. पाण्यापर्यंत पोचायला त्यांना दुसरा दिवस उजाडला. वराहराव शेवटपर्यंत मागं उभे राहून “तत्काळ, तत्काळ” म्हणत होते.

डोमकावळ्यांना वाळूत रिकामी टरफलं मिळाली. ती त्यांनी फी म्हणून स्वीकारली आणि हा आपण लढवलेला सगळ्यात मोठा खटला, असं ते अजून सांगत असतात.

काय गं? हात का वर केलास? “ठमाबाई पहिल्यापासून निर्दोषच होत्या, मग एवढे दिवस का लागले?” असं विचारतेस? बाळ, पहिल्या संध्याकाळी त्या निर्दोष सुटल्या असत्या, तर नदीत आज एकही पोर नसतं. आता बस खाली.

तात्पर्य : वकील कायद्याचा जाणकार असावा, पण त्याला काय खायला आवडतं तेही विचारून घ्यावं. न्यायाधीश सावकाश असेल तर तक्रार करू नये. आणि ज्याची अंडी वाळूत आहेत, त्यानं निर्दोष सुटायची घाई करू नये.